आधी पाणी, मग भांडण

माझा डावा कान कामातून गेला तो मॉड गोयमरमुळे. शर्यतीत पुढच्या शिडाची दोरी मी वेळेवर सोडली नाही, एवढंच. नौका किनाऱ्याला लागल्यावर तिने सुकाणूचा दांडा खोबणीतून उपसला आणि माझ्या कानशिलात हाणला. वर म्हणाली, "आता तरी ऐकू येईल तुला, सिरिल." उलट तेव्हापासून त्या कानाने ऐकू येणंच बंद झालं. तरी पुढच्या शनिवारी मी तिच्याच नौकेवर हजर होतो, आणि त्यानंतरही बरीच वर्षं. अख्ख्या मेलफ्लीट गावाने मला वेड्यात काढलं. काढू दे. वाऱ्याच्या तोंडावर नौका कशी चढवायची हे त्या बाईइतकं ब्लॅकवॉटर खाडीवर कुणालाच कळत नव्हतं, आणि हरणाऱ्यांच्या नौकेत बसून गोड बोलून घ्यायची मला हौस नव्हती.

गेल्या हिवाळ्यात मॉड गेली. क्लबच्या पत्रकात दोन ओळी आल्या: 'जुन्या पिढीतील कुशल नौकाचालक, स्वभावाने मनमोकळ्या.' मनमोकळ्या! तिने ज्यांची नाकं मोकळी केली त्यांना विचारा म्हणावं. मेलेल्या माणसाला असं साखरेत घोळवलेलं मला खपत नाही, म्हणून हे सांगतोय.

मारामारी तिच्या रक्तातच होती, असं लोक म्हणायचे. रक्तात नव्हती, पाठीवर होती. बाप एफ्रेम गोयमर मालवाहू बार्जवर तांडेल. लंडनला घोड्यांसाठी गवत न्यायचा, त्याच घोड्यांची लीद खत म्हणून घेऊन यायचा, आणि दोन्ही खेपांमध्ये प्यायचा. घरी आला की कमरेचा पट्टा सुटायचा. मॉड थोरली, एल्सी धाकटी. मॉड एल्सीला कोळशाच्या खोलीत ढकलून बाहेरून कडी लावायची आणि धाकटीच्या वाटणीचे फटकेसुद्धा आपणच खायची. सोळाव्या वर्षी एक दिवस तिने तो पट्टा हवेतच धरला, बापाच्या हातातून हिसकला, आणि त्यालाच झोडपत झोडपत धक्क्यापर्यंत नेला. गाव दारात उभं राहून बघत होतं. एफ्रेम त्यानंतर बार्जवरच झोपायला लागला. त्याला कुणी हाक मारली नाही की मलमाची डबी नेऊन दिली नाही.

पुढे ती गोदीत कामाला लागली. लाकडी नौकांच्या फळ्यांमधल्या फटीत डांबरात भिजवलेला ताग ठोकून बसवायचा, दिवसभर, लाकडी हातोड्याने. हात असा तयार झाला की बिअरचा ग्लास धरला तरी समोरचा माणूस जरा मागे सरकायचा. चिखलात रुतून कुजत पडलेली एक जुनी नौका तिने उचलून आणली, दोन हिवाळे खपून उभी केली आणि नाव ठेवलं 'टीझल'. टीझल म्हणजे आमच्या बांधावरचं काटेरी बोंड. नाव ऐकून सगळे हसले, पण नौकेला ते शोभत होतं आणि मालकिणीला त्याहून जास्त. लग्न तिने केलं नाही. विचारायला एकच जण आला होता, तो कुंपणावरूनच परत गेला.

तिच्या आयुष्यात दोनच गोष्टी होत्या, टीझल आणि एल्सी. आणि दोघींच्या मधे येऊन बसला होता पर्सी लेगेट.

पर्सी गावचा खाटीक, शर्यतीत स्वतःची नौकाही उतरवायचा. एल्सीचा नवरा. दुसरं महायुद्ध संपून सहा वर्षं झाली होती तरी मटण अजून रेशनवर होतं, तेव्हा खाटीक म्हणजे गावचा राजाच. कूपनावर मिळायचं ते बोटभर. पण पर्सीची मर्जी असेल तर कागदाच्या पुडीत एखादं मूत्रपिंड, यकृताचा तुकडा, दोन जादा सॉसेज गुपचूप यायचे. एल्सी गल्ल्यावर बसायची. कधी डोळ्याखाली निळंजांभळं, कधी ओठ फाटलेला. विचारलं की म्हणायची, "पायऱ्यांवरून पडले." घर होतं बैठं, त्याला पायरी म्हणून नव्हती. सगळ्यांना ठाऊक होतं. पण पुडी हातात पडली की माणसाची नजर पुडीवरच राहते. मीसुद्धा त्या रांगेत उभा असायचो.

मॉड तेवढी गप्प बसली नाही. शर्यतीच्या बक्षीस समारंभात पर्सी कप घ्यायला उठला, आणि मागे एल्सी टाळ्या वाजवायला लागली तेव्हा तिची दोन बोटं वाकत नाहीत हे मॉडला दिसलं. तिने तो कप पर्सीच्या हातातून काढून घेतला आणि त्याच कपाने त्याचे पुढचे दात पाडले. कपाला पोचा आला, तो अजून कपाटात तसाच आहे. त्याआधी एका पाहुण्या नौकावाल्याचं नाक तिने फोडलं होतंच. दुसऱ्या दिवशी कमोडोर ट्रॅनमरसाहेबांनी, म्हणजे क्लबच्या अध्यक्षांनी, तिला बोलावलं. हे आरमारातून निवृत्त झालेले गृहस्थ, झोपेतही ताठ असावेत.

"मिस गोयमर, आणखी एकदा हात उचललात तर टीझलचा नांगर उचलावा लागेल. कायमचा. नांगराची जागा क्लबची आहे."

नांगराची जागा गेली की नौका म्हणजे सरपण. मॉडने मान डोलावली आणि दोन्ही हात खिशात घातले. खरंच घातले. वर्षभर मी तिला मुठी खिशात कोंबून फिरताना बघत होतो.

पर्सीच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. ज्या शनिवारी टीझल जिंकायची, त्या शनिवारी एल्सी 'पडायची'. रविवारी चर्चमध्ये तो एल्सीचा दंड धरून मॉडसमोर मुद्दाम थांबायचा. "काय मेव्हणीबाई, हात थंड पडलेत का? खिशात बरे दिसतात."

मॉड एल्सीला म्हणायची, "तू ये माझ्याकडे. आजच्या आज."

"आणि तो तिथे आला की?" एल्सी विचारायची. "तू मारशील. मग तुझी टीझल जाईल. माझ्यामुळे तुझं ते एकच जायला नको, मॉड."

असं त्रांगडं होतं. हात उचलला तर टीझल गेली, नाही उचलला तर एल्सी.

आता तो शब्द सांगायला हवा. आमच्या शर्यतीत एक शब्द आहे, 'पाणी'. ओहोटी लागली की खाडीच्या मधोमध असा प्रवाह ओढतो की त्याच्याविरुद्ध चढणं म्हणजे पुराच्या पाण्यात उलटं चालणं. म्हणून सगळे कडेकडेने, चिखलाला चिकटून, उथळातून वर सरकतात. दोन नौका शेजारी शेजारी कडेकडे निघाल्या, की किनाऱ्याकडच्या नौकेखालचं पाणी आधी संपतं. तिला वळायचं असतं, पण बाहेरची आडवी असते. मग आतला ओरडतो, "पाणी!" ते ऐकल्याबरोबर बाहेरच्याने वळून वाट द्यायची. विचारायचं नाही, वाकून बघायचं नाही. आधी पाणी, मग भांडण. एफ्रेमसारखा राक्षससुद्धा पाणी मागणाऱ्याला कधी नाही म्हणाला नाही. आणि समोरचा न विचारता देतो, म्हणूनच खोटं पाणी मागायचं नाही. बायकोला फसवलं, सरकारला फसवलं, चर्चच्या पेटीत पैशाऐवजी बटण टाकलं, तर मेलफ्लीटमध्ये लोक हसून सोडून देतात. खोटं पाणी मागणाऱ्याला सोडत नाहीत.

त्या ऑगस्टची मोठी शर्यत. पश्चिमेचा वारा असा सुटला होता की क्लबच्या आवारातली चहाची टेबलं बायकांनी धरून ठेवली होती. जाताना वारा पाठीशी, मजा होती. शेवटच्या बोयाला, म्हणजे तरंगत्या खुणेला, वळसा घातला आणि वारा आणि ओहोटी दोन्ही एकदम तोंडावर आले. तपकिरी पाणी बादल्यांनी अंगावर यायला लागलं. दोन नौकांच्या डोलकाठ्या मोडून त्या वाहत गेल्या. एका माणसाला शिडाच्या वाशाने डोक्यात झोडून पाण्यात फेकलं, त्याला केसाला धरून वर काढावं लागलं. पुढे उरलो आम्ही आणि पर्सी.

पर्सीच्या नौकेत नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, एल्सी बसली होती, हातात रंगाच्या खुणा केलेला बांबू. तो पाण्यात खुपसून ती खोली बघायची आणि नवऱ्याला ओरडून सांगायची. आम्ही बाहेरच्या अंगाला, वाऱ्यामुळे शब्द ऐकू येत नव्हते. कडेला जरा जवळ आलो आणि पर्सी ओरडला, "पाणी!"

मॉडने सुकाणू लोटलं. आम्ही वळून मधल्या प्रवाहात गेलो आणि हातभर मागे ओढले गेलो. पर्सीने वळल्यासारखं केलं आणि पुन्हा कडेला शिरला.

"एवढ्यात पाणी संपलं त्याचं?" मी म्हणालो.

"दोरी ओढ," मॉड म्हणाली.

पुन्हा गाठलं त्याला. पुन्हा, "पाणी!" पुन्हा आम्ही प्रवाहात. तिसऱ्यांदा त्याने मागितलं तेव्हा तो हसत होता, दातांच्या जागच्या त्या दोन फटी मला स्पष्ट दिसल्या.

"खोटं मागतोय तो, मॉड! हसतोय बघ भडवा!"

"दिसतंय मला," ती म्हणाली, आणि दिलं पाणी. खालचा ओठ तिने असा चावला होता की हनुवटीवर रक्त उतरलं होतं.

मग तिने जे केलं ते तिलाच जमावं. वाऱ्याचा एक झोत दक्षिणेकडून येताना तिने पर्सीच्या आधी पाहिला, त्यात टीझलला झोकून दिलं, आणि पुढच्या वळणाला आम्ही आत होतो, पर्सी बाहेर. पुढे काळ्या बरगड्या होत्या. म्हणजे आजोबांच्या काळात बुडालेल्या एका बार्जचा सांगाडा. ओहोटीला त्याची लाकडं पाण्याखाली वीतभर असतात, आणि त्यांच्यावर गेलेली नौका फाटतेच.

"पाणी!" मॉड ओरडली.

पर्सीने मान वळवून पाहिलं. आणि तसाच पुढे येत राहिला.

"पाणी, पर्सी!"

एल्सी उभी राहिली. तिचा आवाज मला या फुटक्या कानानेही ऐकू आला. "वळ, पर्सी! तिच्याखाली बरगड्या आहेत! दे तिला पाणी!"

तो वळला नाही. आमच्या तळाला पहिलं लाकूड लागलं आणि टीझल किंचाळली. मॉडला आता एकच वाट होती. तिने सुकाणू पूर्ण लोटलं आणि आम्ही वळलो, सरळ त्याच्या कुशीत. आमच्या नाळेचा वासा त्याचं शीड फाडून आरपार गेला. डोलकाठ्या एकमेकींत अडकल्या, तारा तुटून चाबकासारख्या फिरल्या. दोन्ही नौकांच्या कडा एकमेकींवर आदळल्या तेव्हा मधे माझा हात होता. ही करंगळी नाही ना, ती तिथेच कुठेतरी असेल.

पर्सीने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो सुकाणू सोडून नाळेकडे गेला. "कुणाच्या नौकेत बसलीयस गं तू? कुणाचं खातेस?" त्याने एल्सीच्या हातातला बांबू ओढला आणि तिच्या पाठीवर घातला. बांबू मोडला. मग त्याने मूठ वळून तिच्या तोंडावर मारली, कसायाच्या हाताने, मांस कुटावं तशी. मागून येणाऱ्या नौका बघत होत्या. धक्क्यावरची माणसं दुर्बिणी लावून बघत होती.

मॉड उठली. मी हाताला गुंडाळलेली शिडाची चिंधी धरून ओरडलो, "नको, मॉड! टीझल जाईल!"

तिने एकदा खाली बघितलं. तळाच्या फटीतून खाडी आत येत होती. "जाऊ दे," ती म्हणाली, आणि त्याच्या नौकेत उडी मारली.

मी लढाईत होतो, इटलीत. माणसं मरताना पाहिली आहेत. पण इतकं मन लावून कुणाला मारताना पाहिलं नव्हतं. वर्षभर खिशात ठेवलेले हात होते ते. तिने त्याचं नाक फोडलं, बरगड्यांत गुडघा घातला, तो पडला तेव्हा केस धरून त्याचं डोकं कडेवरून खाली, खाडीत दाबलं. बुडबुडे आले. वर काढलं. "पाणी हवं होतं ना तुला? सकाळपासून मागतोयस. घे." पुन्हा दाबलं. त्याचे पाय फळीवर आपटत होते. शेवटी एल्सीनेच, रक्ताळलेल्या तोंडाने, तिच्या गळ्यात हात घालून तिला मागे ओढलं. "सोड, मॉड. मरेल तो. फाशी देतील तुला." तेव्हा कुठे तिने सोडलं.

संध्याकाळी क्लबच्या खोलीत समिती बसली. पर्सी सूज उतरायला डोळ्यावर कच्च्या मांसाचा तुकडा धरून आला होता. चांगला जाड तुकडा. रेशनच्या दिवसांत अख्खी खोली त्याच्या डोळ्याकडे नाही, त्या तुकड्याकडे बघत होती.

"मिस गोयमर, आपण मिस्टर लेगेट यांना मारलंत?" कमोडोरसाहेबांनी विचारलं.

"मारलं."

"कारण?"

"त्यानं माझ्या बहिणीला मारलं. तुम्ही सगळ्यांनी बघितलंत."

साहेबांनी घसा साफ केला. "ते घरगुती झालं. समितीपुढे फक्त शर्यतीचा प्रश्न आहे."

मला तिथेच खुर्ची उचलून घालावीशी वाटली. पण माझा हात झोळीत होता. पर्सी म्हणाला, "तिनं पाणी मागितलंच नाही. आली आणि सरळ धडकली. वेडी बाई आहे, साहेब. मेलफ्लीटला माहीत आहे."

दारापाशी एल्सी उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ओठ इतके सुजले होते की शब्द चावून चावून बाहेर येत होते. "मागितलं होतं. दोनदा. मी ऐकलं."

"तू गप बस," पर्सी म्हणाला.

"आणि हा मागत होता ते खोटं होतं. तिन्ही वेळा. बांबू माझ्या हातात होता. आमच्या नौकेला तीन फूट लागतं. एकदाही पाचाच्या खाली गेलं नाही. मी ओरडून सांगत होते याला, पाच आहे, पाच आहे. आणि हा पाणी मागत होता."

 मग म्हातारा जोथम पंट, कालवं काढणारा, गेली कित्येक वर्षं ज्याची बायको दर शुक्रवारी पर्सीकडून पुडी न्यायची, तो उठला आणि पर्सीच्या शेजारची आपली खुर्ची उचलून भिंतीपाशी घेऊन गेला. मग दुसरा उठला. मग तिसरा. थोड्या वेळात पर्सीच्या भोवती नुसती जमीन उरली.

"मिस्टर लेगेट," कमोडोरसाहेबांचा आवाज बदलला होता, "हे खरं आहे?"

"बायकांना फूट कळतात का, साहेब?" पर्सी म्हणाला. पण डोळ्यावरचा तुकडा खाली आला होता आणि त्याचं तोंड सगळ्यांना दिसत होतं.

त्याला त्याच बैठकीत क्लबातून काढलं. कायमचं. एवढी वर्षं एल्सीच्या तोंडावर जे लिहिलेलं होतं ते कुणाला वाचता आलं नाही. दोन फूट जादा पाणी मात्र सगळ्यांना लगेच कळलं. माझं गाव आहे, माझीच माणसं आहेत, पण त्या संध्याकाळी मला त्यांची शिसारी आली. आणि सोमवारी तीच माणसं पर्सीच्या दुकानापुढे कूपनं घेऊन उभी होती, फक्त त्याच्याशी बोलत नव्हती.

मॉडलाही सोडलं नाही. नियम तो नियम. रविवार संपायच्या आत टीझल नांगरावरून हलवायची. ती "बरं" म्हणाली.

बाहेर पर्सीने एल्सीचा दंड धरला. "चल घरी. घरी बघतो तुला."

"ती माझ्याकडे येतेय," मॉड म्हणाली. हात खिशात नव्हते. पर्सीने ते पाहिले आणि दंड सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॉडच्या घरी गेलो. टीझल ओढून घरासमोरच्या चढावर, चिखलाच्या वर ठेवली होती, कुशीला भोक पडलेली. आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात कुऱ्हाडीचा पहिला घाव ऐकू आला.

खिडकीतून पर्सी दिसत होता. रात्रभर प्यालेला. त्याने टीझलच्या कडेत कुऱ्हाड रुतवली होती आणि ती उपसत होता.

मी चुलीजवळची लोखंडी सळई उचलली. मॉडने माझा खांदा दाबून मला खाली बसवलं.

"अगं, टीझल आहे ती!"

"दिसतंय मला." ती खिडकीपाशी उभी राहिली, दोन्ही तळवे चौकटीवर टेकून. "लाकूड आहे. लाकडाला दुखत नाही. तिथं जेवढा खपेल, तेवढा इथं कमी येईल."

घावावर घाव पडत होते. जिने आयुष्यात एक फटका उधार ठेवला नाही ती बाई जागची हलली नाही. दर घावाला तिचे खांदे फक्त आक्रसायचे. ज्या फटी तिने स्वतः ठोकून बुजवल्या होत्या त्या एकेक उघडत होत्या. मी रडत होतो, मला लाज वाटत नाही सांगायला.

एल्सी टेबलाशी पाठमोरी बसली होती. तिने एकदाही बाहेर पाहिलं नाही. सुजलेल्या ओठांनी कपाच्या कडेवरून घोट घोट चहा घेत ती ऐकत होती.

"आता दमत आला," ती म्हणाली. "आवाजावरून कळतं मला. दमला की घरी जाऊन झोपतो. झोपला की मी जाऊन माझे कपडे घेऊन येते."